जुनी घ्या, पण अख्खी घ्या

ओढणारी गाडी घ्यायची म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. इंजन कोणतं? टाटाचं का लेलँडचं? किती घोड्यांचं? पानठेल्यावर विचारा, गॅरेजात विचारा, लग्नाच्या मांडवात विचारा, चर्चा इंजनापासून सुरू होते आणि इंजनापाशीच संपते. माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न सर्वात शेवटी विचारायचा असतो. जो माणूस तो आधी विचारतो, त्याला गाडी विकणारा, इंजन विकणारा आणि ते बसवून देणारा, असे तिघं मिळून सोलतात. हे कोणाला कडू लागेल. लागू द्या. या विषयावर गोड बोलणारी माणसं मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि त्या गोड बोलण्याची किंमत कोणी मोजली तेही पाहत आलो.

आमचं गाव जबलपूर रस्त्यावर, देवलापारच्या बाजूला. तेव्हा त्या रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग ७ म्हणत, आता ४४ म्हणतात. नागपूर सोडलं की कामठी, मनसर, देवलापार, मग खवासा, आणि तिथून मध्य प्रदेश. खवाशाच्या पुढे कुरईचा घाट. नागपूरहून उत्तरेकडे जाणारा संत्र्याचा, लोखंडाचा, किराण्याचा माल त्या घाटाने चढायचा आणि तिकडचं धान्य, लाकूड त्याच घाटाने उतरायचं. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल, वळणावर वळण. पावसाळ्यात एखादा दिवस असा जात नसे की घाटात कोणाची गाडी बसली नाही. अशी बसलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून आणणं म्हणजे टोचन. हिंदी ड्रायव्हर असो, मराठी असो की पंजाबी, शब्द हाच. आमच्या गावातल्या चार-पाच घरांच्या चुली या टोचनवर पेटत होत्या, त्यात एक आमच्या मोठ्या काकांची.

काकांकडे सेकंडहँड टाटा १२१० होती. मागचा हौद काढून तिथे लोखंडी घोडा उभा केलेला, त्यावर चेन कुप्पी लटकवलेली, बाजूला जाड दांडा, साखळ्या आणि लाकडी ठोकळे. इंजिन कारखान्यातून आलेलं तेच. गाडी चढावर इतकी सावकाश चालायची की आम्ही पोरं उतरून तिच्यासोबत पायी चालत असू. रस्त्यापलीकडच्या एका गॅरेजवाल्याकडे दुसरी गाडी होती, लिलावात घेतलेली मिलिटरीची शक्तिमान. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने जबलपूरला बनलेली ही गाडी. चारही चाकं ओढणारी, चिखलाला न घाबरणारी. लिलावातून निघाल्या की या गाड्या लाकडाच्या ठेकेदारांकडे आणि टोचनवाल्यांकडे यायच्या. तिचं मूळ इंजिन थकलं होतं. गॅरेजवाल्याने त्या जागी एका मोठ्या ट्रकचं, अपघातातून निघालेलं, जास्त ताकदीचं इंजिन बसवलं. गाव पाहायला गेलं होतं. चालू करताच जमीन हादरली. "आता पाहा, कुरई कशी टॉपमधी चढते ते!" तो म्हणाला, आणि खरंच चढली. काकांचं गिऱ्हाईक महिनाभरात अर्ध्यावर आलं.

काकांना लोक म्हणायचे, "भाऊ, तुमी बी टाका ना इंजन. होऊन जाते." हे "होऊन जाते" आमच्या भागातलं सगळ्यात महाग वाक्य आहे. ते म्हणणाऱ्याचा एक पैसा लागत नाही. काका शिकलेले नव्हते, पण त्यांचं उत्तर मला आजही पुस्तकातल्या उत्तरापेक्षा पक्कं वाटतं. ते म्हणायचे, "चढवाले इंजन लागते, हे खरं. पन उतरवाले का लागते, ते तर सांग!"

आता जरा हिशेब करू. ओढणाऱ्या गाडीचं वजन समजा १० टन, मागे टोचन केलेला भरलेला ट्रक १५ टन. मिळून २५ टन. चढ समजा वीस फुटांना एक फूट. तर नुसत्या चढापायी सव्वा टनाची ओढ लागते. ही ओढ ताशी १० किलोमीटरने चढवायला सुमारे ४६ अश्वशक्ती पुरते. टायरचं घर्षण धरलं तर आणखी दहाएक घाला. ताशी २० ने चढायचं तर दुप्पट. म्हणजे काय झालं? शंभरेक अश्वशक्तीची जुनी गाडी हे ओझं वर नेतेच, फक्त हळू नेते. खालच्या गिअरमध्ये, पोरं बाजूने चालतील इतकी हळू. नवं इंजिन टाकून तुम्ही ओझं वाढवलं असं तुम्हाला वाटतं, पण त्या इंजिनाने तुम्हाला दिला तो वेग.

आता तेच ओझं खाली आणा. वर चढवताना जी ताकद इंजिनाने घातली, ती उतरताना उष्णता होऊन कुठे तरी निघालीच पाहिजे. ताशी १० ने उतरलात तर पन्नासच्या आत अश्वशक्तीची उष्णता. ती खालच्या गिअरमध्ये इंजिन बरंचसं झेलतं, उरलेली ब्रेक झेलतात. ताशी ४० ने उतरलात तर तीच उष्णता १८० अश्वशक्तीच्या घरात जाते. घर्षणापायी त्यातून थोडी वजा करा, तरी उरते ती ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, लायनिंग जळायला लागतं, वास सुटतो, पायाखालचं पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. इंजिन बदललं तरी हे ड्रम मात्र जुनेच राहतात.

त्यात टोचनची एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. मागे ओढलेल्या ट्रकचं इंजिन बंद असतं. बंद इंजिन म्हणजे कॉम्प्रेसर बंद, म्हणजे हवा नाही. एअर ब्रेकच्या गाडीत हवा गेली की पार्किंगचे ब्रेक स्प्रिंगने आवळले जातात, चाकं जाम होतात. मग ते ब्रेक हाताने सैल करून गाडी ओढतात. म्हणजे मागच्या १५ टनाला स्वतःचा ब्रेक उरतच नाही. पुढच्या गाडीचे ब्रेक दोघींचे ब्रेक होतात. आता सांगा बरं, टोचनची गाडी घेताना पहिला प्रश्न इंजिनाचा की ब्रेकचा?

आमच्या आजोबांच्या पिढीला हे शिकवावं लागत नव्हतं. बंडी करायला टाकली की सुतार आधी विचारायचा, काय वाहायचं? खत, कापूस, का लाकूड? त्यावर आख ठरायचा, मग चाक, मग धाव. बैल शेवटी. आमच्याकडची गवळाऊ जात चालीला तेज. शंकरपटात पळणारी जोडी एक असते, चिखलातून खताची बंडी काढणारी जोडी दुसरी असते, हे शेंबडं पोट्टंही जाणत होतं. पटाचा बैल खताच्या बंडीला जुंपला तर बैलही जातो आणि बंडीही. इंजिनातही हेच दोन प्रकार आहेत. एक ताकद वेगाची, दुसरी ओढीची. मिस्त्री लोक ओढीच्या ताकदीला टॉर्क म्हणतात. कमी फेऱ्यांत जे इंजिन जोर देतं ते ओढीचं. जास्त फेऱ्यांवर घोडे दाखवणारं इंजिन टोचनला आणलं की क्लचप्लेट जळते, आणि मालक म्हणतो, "क्लचप्लेट नकली होती."

बंडी भरताना आणखी एक गोष्ट पाहत असत. मागे जास्त भरली की ती उलाळ होते, जू वर उचललं जातं, बैलांचे गळे आवळतात. टोचनची गाडी अशीच उलाळ होते. मागच्या आखापासून दोन मीटर मागे हुक आहे आणि त्यावर तुम्ही तीन टनांचं तोंड उचललं, आणि गाडीच्या दोन आखांत चार मीटर अंतर आहे, तर पुढच्या चाकांवरचं दीड टन वजन उडतं आणि मागच्या आखावर साडेचार टन चढतं. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग फिरतं, पण गाडी वळत नाही. काका अशा वेळी पुढच्या बंपरवर वजनं बांधत आणि उचलण्यापेक्षा दांड्याने ओढणं पसंत करत. ही अडचण शंभर घोड्यांनी सुटत नाही आणि दोनशेनेही सुटत नाही. ती लांबी, वजन आणि आखाची आहे. ती कारखान्यात सुटते, नाहीतर सुटतच नाही.

टाटाच्या जुन्या गाड्यांची नावं एकदा नीट वाचा. १२१०, १६१३, २५१८. पहिले दोन आकडे मालासकट एकूण वजनाचे, टनांत. पुढचे दोन अश्वशक्तीचे, दहाच्या हिशेबाने. १६१३ म्हणजे साधारण १६ टन आणि १३० अश्वशक्ती. ही रीत मर्सिडीज-बेंझची. टेल्कोने १९५४ मध्ये त्यांच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली, १९६९ मध्ये करार संपला, आकडे मात्र राहिले. कारखाना आधी वजन लिहितो आणि मग घोडे. गावातला गिऱ्हाईक ते उलटं वाचतो.

याचा अर्थ इंजिन बदलणारे सगळे मिस्त्री मूर्ख होते असं मी म्हणत नाही. उलट, त्यांच्या बाजूचा सर्वात चांगला दाखला मीच देतो. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत या देशात पेट्रोलवर चालणारे डॉज, फार्गो ट्रक होते. मुंबईला प्रीमियर ऑटोमोबाइल्स ते जोडत असे. पेट्रोल महाग पडायचं. मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्सची डिझेल इंजिनं बनवायला घेतली आणि जुन्या पेट्रोल ट्रकमध्ये डिझेल इंजिन बसवण्याचा धंदा जोरात चालला. जीपचंही तसंच झालं. गावोगावच्या पेट्रोल जीपमध्ये मिस्त्र्यांनी डिझेल इंजिनं घातली, आणि पुढे कारखान्यानेच डिझेल जीप विकायला काढली. ती कामं चांगली होती. का चांगली होती? कारण त्यात घोडे वाढवायचे नव्हते. पर्किन्सचं ते सहा सिलिंडरचं इंजिन ८० अश्वशक्तीच्या थोडं वर होतं, आणि हेतू होता इंधन वाचवण्याचा. ट्रक जेवढं ओझं आधी नेत होता तेवढंच नंतर नेत होता, तेवढ्याच चालीने. चेसिस, गिअर, ब्रेक यांच्यावर नवा भार आला नाही.

तरी त्या कामातही एक काटा होता, आणि चांगला मिस्त्री तो ओळखायचा. पेट्रोल इंजिन हवा खेचतं तेव्हा आत व्हॅक्यूम तयार होतो आणि ब्रेकचा बूस्टर त्यावर चालतो. डिझेल इंजिनाच्या तोंडाशी तशी झडप नसते, म्हणून तो व्हॅक्यूम मिळत नाही. वेगळा पंप बसवावा लागतो. ज्याने तो बसवला नाही त्याच्या गाडीचा ब्रेक लागायला दोन पाय लागायचे. इंजिन बदलणं म्हणजे इंजिन बदलणं एवढंच कधीच नसतं. माउंटिंग बदलतं, बेल हाउसिंगला खरादीवर प्लेट कापावी लागते, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते, रेडिएटर पुरत नाही, पुढच्या आखावर वजन वाढून पाटे बसतात. या साखळीतली एक कडी जाड केली की तुटायची ती तिच्या शेजारची. गिअरबॉक्स जाड केला तर क्राऊन-पिनियन जातं, क्राऊन केलं तर हाफशाफ्ट जातो. प्रत्येक वेळी मिस्त्री म्हणतो, एवढंच राहिलं होतं. तीन वर्षांत त्या मालकाने नव्या गाडीचा हप्ता गॅरेजात भरलेला असतो, फक्त त्याची पावती नसते.

गॅरेजवाल्याच्या शक्तिमानचं पुढे काय झालं ते सांगतो. पावसाळा सरता सरता कुरईत एक भरलेला ट्रक बंद पडला. तो खवाशाकडे उतरवायचा होता. गाडीवर ड्रायव्हर आमच्याच गावचा, चोवीस-पंचवीस वर्षांचा. लग्नाला दोन वर्षं झालेली, घरी लहान मुलगी. मोठ्या इंजिनाची सवय झाली की माणूस वरच्या गिअरमध्ये उतरायला लागतो, कारण चढताना गाडीने कधी खालचा गिअर मागितलेलाच नसतो. तिसऱ्या वळणाच्या पुढे ब्रेक गेले. मागचा ट्रक दांड्यासकट अंगावर आला आणि दोन्ही गाड्या सागाच्या झाडांत गेल्या. काका चेन कुप्पी घेऊन गेले. केबिन कापून पोराला काढायला दुपार झाली. तो तिथेच गेलेला होता.

मग कागद सुरू झाले. आरसी बुकात चेसिस नंबरसोबत इंजिनाचा नंबरही असतो. बुकातला नंबर एक, गाडीतला दुसरा. बदल कोणी आरटीओला कळवलेला नव्हता. विमा कंपनीने गाडीच्या नुकसानीचा दावा त्याच कारणाने नाकारला. पोराच्या बायकोला भरपाई मिळवायला मालकाविरुद्ध जावं लागलं, आणि मालकाकडे शक्तिमानच्या सांगाड्याशिवाय दोन एकर कोरडवाहू जमीन होती. ती त्याने विकली. पैसे वाटले गेले, वकिलांचे वजा झाले. त्या बाईने मुलीला सासरच्या दारात वाढवलं, दुसऱ्यांच्या धुऱ्यावर निंदण-खुरपण करून. मालक वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. तो जन्मभर त्या दारासमोरून मान खाली घालून गेला. पण त्याला ज्यांनी ज्यांनी "होऊन जाते" म्हटलं होतं, त्यांच्यापैकी कोणी एक रुपया दिला नाही.

म्हणून शहरातल्या सभेत कोणी जुगाडाचं कौतुक करायला लागलं की मला राग येतो. एसीत बसून गावच्या माणसाची कल्पकता वाखाणायची, फोटो दाखवायचे, टाळ्या घ्यायच्या. घरी जाताना मात्र हे लोक पाच वर्षांची वॉरंटी असलेल्या गाडीत बसतात. तुमच्या पोराला शाळेत नेणाऱ्या बसचं इंजिन अपघाताच्या गाडीतून काढलेलं चालेल का? नाही ना? मग घाटात दोरी बांधणाऱ्या पोराच्या जिवाला वेगळा भाव का? पाणी उपसायच्या इंजिनाला चाकं लावून उत्तरेत गाड्या धावायला लागल्या, त्यांना जुगाड हेच नाव पडलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हीसुद्धा मोटार गाडीच आहे आणि तिला मोटार वाहन कायदा लागू आहे. म्हणजे नोंदणी हवी, विमा हवा. पत्र्याच्या शेडात हुशारीने केलेली गोष्ट रस्त्यावर आली की ती एकट्याची राहत नाही.

कायदाही आता सैल राहिलेला नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजीसारखं मान्यता असलेलं किट बसवायला वाट ठेवली आहे, थकलेलं इंजिन आरटीओच्या परवानगीने बदलायलाही वाट आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर निकाल देताना मूळ तपशील बदलता येणार नाही हे ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. काही लोक म्हणतात, "आरटीओत पाहून घेऊ." पाहून घ्या. पण अपघातानंतर विम्याचा माणूस येतो तेव्हा तो नंबर वाचतो, आणि तुमची ओळख वाचत नाही.

आता माझ्याविरुद्ध जे बोललं जातं, तेही खोटं नाही. पहिलं म्हणणं पैशाचं. नवी गाडी कोणाला परवडते? बँक शेतकऱ्याच्या पोराला ट्रॅक्टरला कर्ज देते, टोचनच्या गाडीला देताना दहा कागद मागते आणि मग नाही म्हणते. जुन्या गाडीला तर दारातच नाही म्हणते. खाजगी फायनान्सवाला देतो, त्याचं व्याज सगळ्यांना ठाऊक आहे. मिस्त्री मात्र हप्त्याने इंजिन बसवून देतो. अर्धे पैसे आता, अर्धे सुगीवर. गावात इंजिनं बदलली जातात त्याचं अर्धं कारण हौस आहे आणि अर्धं कारण बँक आहे, हे मी मान्य करतो. नागपूरच्या मोठ्या बँकांत बसलेल्यांनी हे ऐकावं. तुम्ही चांगल्या जुन्या गाडीला कर्ज दिलंत तर घाटात माणसं कमी मरतील.

दुसरं म्हणणं नव्या गाड्यांचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्याच गाड्या विकल्या जातात. धूर कमी झाला, चांगलं झालं. पण त्यांत सेन्सर आले, युरियाच्या पाण्याची टाकी आली, आणि एखादा सेन्सर रुसला की गाडी आपली ताकद आपणच कमी करून घेते. कुरईत रात्री दोन वाजता स्कॅनर कोण आणणार? हा सवाल बरोबर आहे. टोचनची गाडीच टोचन करून आणायची पाळी आली तर लोक हसतील. कंपन्यांनी तालुक्याच्या गावात तरी सर्व्हिस द्यावी, आणि गावातल्या मिस्त्र्याला शिकवावं. तो शिकतो. ज्याने खरादीवर बेल हाउसिंगची प्लेट कापली, त्याला स्कॅनर वाचायला आठ दिवस पुरतात.

पण या दोन्ही तक्रारींचं उत्तर इंजिन बदलणं हे नाही. लोक असे बोलतात जणू वाटा दोनच आहेत, शोरूममधली नवी गाडी नाहीतर जुन्या सांगाड्यात घातलेलं दुसरं इंजिन. तिसरी वाट काकांनी दाखवली होती. जुनी घ्या, पण अख्खी घ्या. ज्या चेसिसवर ज्या इंजिनाने, ज्या गिअरबॉक्सने, ज्या ब्रेकने कारखाना सोडला, त्याच जोडीने आपल्या दारात येईल अशी आठ-दहा वर्षांची गाडी शोधा. फार जुनी नको, कारण १५ वर्षांपुढच्या गाडीच्या फिटनेसची फी सरकारने २०२२ पासून चांगलीच वाढवली आहे, आणि आठ वर्षांनंतर तसंही दरवर्षी फिटनेस काढावा लागतो. वाडीला जा, कापसीला जा, जिथे ट्रकवाल्यांची उठबस आहे तिथे चार दिवस चहा प्या. पाचव्या दिवशी गाडी सापडते.

इंजिन थकलेलं असेल तर तेच इंजिन बांधून घ्या. नवे लायनर, पिस्टन, बेअरिंग टाका, पंप आणि नोझल तपासून घ्या. बांधून घेण्याला मी कधीच विरोध केला नाही. दुरुस्ती वेगळी आणि बदल वेगळा, एवढा फरक ज्याला कळला त्याचं निम्मं नुकसान टळलं. आणि हातात थोडे जास्त पैसे असतील तर ते घोड्यांवर घालू नका. ब्रेकची लायनिंग आणि ड्रम नवे घाला, हवेच्या टाक्या आणि नळ्या तपासा, एग्झॉस्ट ब्रेक चालू आहे का पाहा, दांडा आणि हुक चांगल्या पोलादाचे घ्या. टायर जोडीने घ्या. गाडी पाहायला गेलात की आधी ती उतारावर नेऊन उभी करून पाहा, मग चालू करून पाहा. मालक जर म्हणाला, "पहिले इंजनचा आवाज तर आइका," तर समजून जा की त्याला ब्रेकची गोष्ट काढायची नाही.

काकांच्या १२१० ने कधी कोणाला वेळेवर घाटाखाली आणलं नाही. ट्रकवाले शिव्या द्यायचे, चहा प्यायचे, पुन्हा शिव्या द्यायचे. पण वीस वर्षांत त्या गाडीमागे आलेला प्रत्येक ट्रक खवाशाच्या नाक्यावर चाकांवर उभा राहिला, आणि ड्रायव्हर स्वतःच्या पायाने खाली उतरला. शक्तिमानने बुडवलेलं गिऱ्हाईक एकेक करून परत आलं, पण काका त्याचा कधी आनंद मानत नसत. ते गिऱ्हाईक कशाने परत आलं ते त्यांना माहीत होतं.

आता आमच्या भाच्याला टोचनची गाडी घ्यायची आहे. रस्ता रुंद झाला, गाड्या मोठ्या झाल्या. २०१८ मध्ये सरकारने आखावरच्या वजनाची मर्यादाही वाढवली, दोन आखांच्या ट्रकचं मान्य वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेलं. म्हणजे मागे बांधायचं ओझं वाढलं. त्याला एका गॅरेजात कोणी सांगितलं आहे की जुनी चेसिस स्वस्तात मिळते, वर दोनशे घोड्यांचं इंजिन बसवून देऊ, होऊन जाते. तो माझ्याकडे विचारायला आला, कारण मी नागपुरात राहतो आणि चार पुस्तकं वाचतो. मी त्याला पुस्तकातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की त्या गॅरेजवाल्याला एक कागद लिहून माग. त्यावर गाडीचा चेसिस नंबर, नव्या इंजिनाचा नंबर, आरटीओची परवानगी, आणि भरलेला ट्रक मागे बांधून ही गाडी कुरईच्या उतारावर किती वेगाने थांबेल, हे लिहून खाली सही कर म्हणावं. त्याने सही केली तर खुशाल घे.

भाचा दोनदा जाऊन आला. सही अजून झालेली नाही.